जळगावातील क्लच-गिअरबॉक्सचे एक गॅरेज आणि आमची १९८८ ची मारुती

जळगावात अजिंठा चौफुली ओलांडून पुढे गेल्यावर ट्रक आणि टेम्पो दुरुस्त करणारी दुकाने जिथे एकमेकांना खेटून उभी आहेत, तिथे एका पत्र्याच्या शेडवर ‘क्लच व गिअरबॉक्सची कामे केली जातील’ एवढाच फलक आहे. गॅरेजचे नाव त्यावर नाही. शेडचे मालक आणि मुख्य मिस्तरी एकच असून त्यांना लहानथोर सगळे ‘नाना’ म्हणतात. गेल्या दीड वर्षात आमची जुनी मारुती ८०० मी दोन वेळा त्यांच्याकडे नेली. दोन्ही वेळा तक्रार क्लचची होती, मात्र दोष अगदी वेगवेगळे होते, आणि दोन्ही वेळा पाना हातात घेण्यापूर्वी त्यांनी दोष नेमका कुठे आहे हे शोधून काढले. जुन्या गाड्या जिव्हाळ्याने सांभाळणाऱ्या खानदेशातील लोकांना या गॅरेजची, आणि त्याहीपेक्षा तिथल्या तपासणीच्या पद्धतीची माहिती व्हावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गाडीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. माझे वडील, म्हणजे तात्या, चोपडा तालुक्यात शिक्षक होते. मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली, आणि त्यानंतरची काही वर्षे नोंदणी करून वाट पाहणाऱ्यांच्या रांगेत तात्याही होते. आमच्या घरी गाडी आली ती १९८८ मध्ये. तेव्हा नंबरप्लेटवर जळगावची ‘एमएच १९’ ही अक्षरे यायची होती. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन, पुढच्या चाकांना मिळणारी ताकद, चार गिअर आणि केबलवर चालणारा क्लच अशी ही अत्यंत साधी रचना आहे. तात्या गेल्यानंतर गाडी विकावी असे अनेकांनी सुचवले. परंतु पंधरा वर्षांची पहिली मुदत संपल्यापासून दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन, तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून आम्ही तिची नोंदणी पुढे चालू ठेवली आहे. ती आजही रस्त्यावर धावते आणि धावत राहावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

त्रासाची सुरुवात मार्च महिन्यात झाली. सकाळी गाडी अंगणातून मागे घेताना रिव्हर्स गिअर टाकला की करकर असा आवाज येऊ लागला. सुरुवातीला मी त्याकडे दुर्लक्ष केले, कारण या गाडीच्या रिव्हर्स गिअरला सिंक्रोनायझर (गिअर पडण्यापूर्वी दात्यांच्या चाकांचा वेग जुळवणारा भाग) नाही आणि घाई केली तर थोडा आवाज होतोच. पंधरा दिवसांत पहिला गिअरही अडू लागला. रेल्वेगेटसमोर गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी करून क्लच पूर्ण दाबून ठेवला, तरी ती किंचित पुढे सरकायची. मिस्तरी लोक याला ‘क्लच कटत नाही’ असे म्हणतात. पेडल शेवटपर्यंत दाबूनही क्लच प्लेट (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी, अस्तर लावलेली चकती) फ्लायव्हीलपासून, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या जड चाकापासून, पूर्णपणे सुटत नाही, इंजिन गिअरबॉक्सला फिरवत राहते आणि म्हणून गिअर पडताना दाते दात्यांवर घासतात.

घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. गाडी चालवून न पाहताच तिथे मला सांगण्यात आले की प्लेट गेली आहे आणि पूर्ण सेट बदलावा लागेल. क्लच प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंग आणि मजुरी धरून सहा हजार आठशे रुपये खर्च झाला. चार दिवस गाडी सुरेख चालली आणि पाचव्या दिवशी रिव्हर्सची करकर परत सुरू झाली. पुन्हा नेल्यावर त्यांनी केबलचे नट आणखी आवळून दिले. पुढच्या आठवड्यात पुन्हा नट आवळले. आता आवळायला आटे शिल्लक उरले नाहीत, असे तिसऱ्या खेपेला मला सांगण्यात आले, तेव्हा मी गाडी घेऊन निघालो. त्या गॅरेजचे नाव लिहिण्यात मला स्वारस्य नाही. मला वाईट वाटते ते याचे, की काढलेली जुनी प्लेट मी मागून घेतली तेव्हा तिच्यावरचे रिवेट अस्तरात अजून बरेच खोल होते. म्हणजे ती झिजलेली नव्हती.

नानांचा पत्ता मला पारोळ्याच्या एका नातेवाइकांनी दिला. मी गेलो तो दिवस मे महिन्यातला होता आणि शेडमध्ये दुपारी उभे राहवत नव्हते. नाना एका पिकअपच्या खालून बाहेर आले, हात पुसले आणि आमच्याकडच्या अहिराणीत त्यांनी विचारले, “काय व्हयनं, भाऊ?” मी आधीच्या दुरुस्तीची सगळी हकीकत सांगू लागलो. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, पण बॉनेट उघडले नाही. ते चालकाच्या जागी बसले, चप्पल काढून ठेवली आणि अनवाणी पायाने क्लच दाबू लागले. चपलेच्या जाड तळव्यातून पेडल काय सांगते ते कळत नाही, असे त्यांनी मला नंतर सांगितले.

त्यानंतरच्या अर्ध्या तासात त्यांनी जी तपासणी केली, ती मी जवळ उभा राहून पाहिली. ती क्रमाने सांगितल्याशिवाय या गॅरेजचे मोल कळणार नाही.

सर्वप्रथम त्यांनी इंजिन बंद ठेवून पेडल हाताच्या दोन बोटांनी हलकेच दाबून पाहिले. पेडल वरून खाली जाताना सुरुवातीचा थोडा भाग विनाविरोध गेला पाहिजे. रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला टेकण्यापूर्वीचे हे मोकळे अंतर असते आणि ते साधारणपणे दोन सेंटिमीटरच्या आसपास असावे लागते. आमच्या गाडीत ते शून्य होते. आधीच्या गॅरेजने नट आवळून आवळून ते संपवून टाकले होते. याचा अर्थ बेअरिंग चोवीस तास प्रेशर प्लेटवर दाबलेलेच होते, आणि ते तसेच राहिले असते तर काही महिन्यांत बेअरिंग खराब झाले असते व क्लच सरकायला, म्हणजे पकड सुटून घसरायला, लागला असता.

मग त्यांनी इंजिन चालू केले, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली, क्लच पूर्ण दाबला आणि तोंडाने दहापर्यंत आकडे मोजून रिव्हर्स गिअर टाकला. तरीही करकर झाली. या छोट्याशा कृतीतून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. क्लच दाबल्यावर गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट (क्लच प्लेटबरोबर फिरणारा इनपुट शाफ्ट) एखाद-दोन क्षण स्वतःच्या वेगाने फिरत राहतो आणि नंतर थांबतो. त्यामुळे थोडे थांबून गिअर टाकल्यावर आवाज येत नसेल, तर क्लच निर्दोष आहे आणि चालकाची घाई तेवढी कमी व्हायला हवी. दहा आकडे मोजूनही आवाज येत असेल, तर मात्र शाफ्टला कोणीतरी फिरवत आहे, म्हणजेच क्लच खरोखर सुटत नाही.

आवाजाची तपासणी त्यांनी लगेच त्यापाठोपाठ केली. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना क्लच दाबल्यावर घरघर सुरू होत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर जातो. याउलट पेडल सोडलेले असताना घरघर आहे आणि दाबल्यावर ती थांबते, असे असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग पाहावे लागते. आमच्या गाडीत दोन्ही आवाज नव्हते. क्लच सरकतो का, हेही त्यांनी एकदाच, हँडब्रेक करकचून ओढून आणि तिसरा गिअर टाकून पाहिले. पेडल सोडताच इंजिन धक्का देऊन बंद पडले, म्हणजे पकड उत्तम होती. ही चाचणी पुन्हापुन्हा करू नये, नाहीतर चांगली प्लेटही आपल्याच हाताने जाळली जाते, असे त्यांनी सोबत काम शिकणाऱ्या मुलाला बजावले.

इथपर्यंतच्या निष्कर्षात एक विसंगती होती, आणि नानांचे खरे कौशल्य मला तिथे दिसले. मोकळे अंतर शून्य असेल, तर पेडलची सगळी हालचाल बेअरिंगपर्यंत पोहोचायला हवी आणि क्लच गरजेपेक्षा जास्तच सुटायला हवा. तरीही तो सुटत नव्हता. म्हणजे पेडल आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये कुठेतरी हालचाल हरवत होती, आणि ती पेडल बोटांनी हलके दाबल्यावर नव्हे, तर पायाचा पूर्ण जोर आल्यावरच हरवत होती. हा विचार आधीच्या ठिकाणी कोणीही केला नव्हता.

त्यांनी आता बॉनेट उघडले. गिअरबॉक्सवर जिथे केबल येऊन क्लचचा हात ओढते, तिथे त्यांनी खडूने एक रेघ मारली, शेजारी स्टीलची पट्टी धरली आणि मुलाला पेडल दाबायला सांगितले. हात चौदा मिलिमीटर हलला. मग त्यांनी मला खुणेने जवळ बोलावले आणि केबल जिथून पायाजवळच्या पत्र्यातून इंजिनच्या बाजूला बाहेर येते, त्या जागेवर बॅटरीचा उजेड पाडला. मुलाने पेडल दाबले आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिले की केबलच्या बाहेरच्या नळीला आधार देणारा तो पत्राच पुढे फुगत होता, आणि पेडल सोडल्यावर तेलाच्या डब्याचे झाकण दाबून सोडावे तसा टक असा बारीक आवाज करून जागेवर येत होता. “हाऊ पत्रा हालस, भाऊ. प्लेट चांगली शे,” नाना म्हणाले. पायाखालची चटई काढून आतून पाहिले, तेव्हा भोकाच्या कडेपासून निघालेली बोटाच्या पेराएवढी केसासारखी चीर रंगाखाली स्पष्ट दिसली.

कारण समजल्यावर ते किती साधे आहे असे वाटते. केबल काम करते ती दोन गोष्टींच्या आधारावर. आतली तार ओढली जाते आणि बाहेरची नळी तिला रेटा देऊन जागेवर स्थिर राहते. तार जेवढ्या जोराने ओढली जाते, तेवढाच जोर नळी ज्या पत्र्यावर टेकली आहे त्यावर उलट दिशेने येतो. इतक्या वर्षांत लाखो वेळा हा जोर सोसून पत्रा थकला आणि चिरला. नळीच पुढे सरकू लागली, तर तारेची तेवढी ओढ वाया जाते. त्यात नवी प्रेशर प्लेट बसवल्यामुळे पेडलला लागणारा जोर वाढला असावा आणि चीरही रुंदावली असावी, असे नानांचे मत होते, आणि मला ते पटले. जुन्या गाडीत क्लच कटत नसल्याची तक्रार असेल, तर गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी कोणाला तरी पेडल दाबायला बसवून हा पत्रा, पेडलचा ब्रॅकेट आणि त्याच्या पिनमधला ढिलेपणा पाहून घ्यावा. त्याला काहीही खर्च येत नाही.

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पूर्ण झाली. चिरेच्या टोकाला त्यांनी बारीक भोक पाडले, जेणेकरून चीर पुढे सरकू नये, मग ती वेल्डिंगने भरली आणि आतल्या बाजूने तळहाताएवढा जाड पत्र्याचा तुकडा जोडून भोकाभोवतीचा भाग भक्कम केला. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडवल्या आणि चटईखालचा फेल्ट पूर्ण काढला. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण अशा कामात आग लागण्याचा धोका असतो आणि अनेक ठिकाणी ही काळजी घेतली जात नाही. जुनी केबल वाकलेल्या जागी आतून घासली गेली होती, म्हणून ती बदलली. मोकळे अंतर नव्याने राखून झाल्यावर पुन्हा खडूची रेघ मारली, पुन्हा पट्टी धरली, आणि क्लचचा हात तेवीस मिलिमीटर हलला. रिव्हर्स गिअर आवाज न करता पडला. केबल, वेल्डिंग आणि मजुरी मिळून एकूण एक हजार साडेचारशे रुपये झाले. गिअरबॉक्स उघडण्याची गरजच नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितले होते.

केबल नसलेल्या गाड्यांचेही काम नाना करतात. माझी गाडी तिथे असतानाच धुळ्याहून एक स्टँडर्ड हेराल्ड आली होती. मद्रासमध्ये १९६० च्या दशकात तयार झालेली ही गाडी आता क्वचितच दृष्टीस पडते. तिचे बॉनेट मडगार्डसकट पुढच्या बाजूला उलगडते आणि संपूर्ण इंजिन समोर येते, ते पाहायला शेजारच्या दुकानांतले लोकही जमले होते. तिचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, असल्यामुळे तपासणीची दिशा वेगळी होती. पेडल दोन-तीन वेळा भराभर मारल्यावर गिअर नीट पडत असेल तर तेलात हवा शिरली आहे, आणि पेडल दाबून ठेवल्यावर ते हळूहळू आपोआप खाली जात असेल, पण बाहेर कुठेही गळती नसेल, तर पेडलकडून तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतले रबरी वॉशर निकामी झाले आहे, असे नानांनी गाडीच्या मालकांना समजावून सांगितले. त्या गाडीत दोष तिसऱ्याच जागी, म्हणजे त्या तेलाच्या दाबाने क्लच हलवणाऱ्या, गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये निघाला. त्याच्या तोंडावरची रबरी टोपी बोटाने दुमडताच आतून तेल ठिबकले. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते आणि त्यामुळे सिलिंडर आतून गंजतो, म्हणून गाडी उभी असली तरी ते ठरावीक काळाने बदलत राहावे, हा सल्ला हेराल्डसारख्या कमी चालणाऱ्या गाड्यांना विशेष लागू पडतो.

दुसऱ्यांदा नानांकडे जाण्याची वेळ डिसेंबरमध्ये आली. एका लग्नासाठी आम्ही जळगावहून पाचोरा, चाळीसगाव मार्गे कन्नडकडे निघालो होतो. निघताना पहिल्या गिअरमध्ये गाडी थरथरली, पण थंडीमुळे असेल असे समजून मी पुढे गेलो. चाळीसगाव सोडून कन्नड घाट चढायला लागल्यावर मात्र तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढायचा आणि गाडीचा वेग तेवढाच राहायचा. या गाडीत इंजिनाचे फेरे दाखवणारे घड्याळ नाही, त्यामुळे कानावरच विसंबावे लागते. तिसऱ्या वळणाच्या पुढे जळक्या सुताचा असतो तसा वास आला. गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबवली, नंतर केवळ पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून घाट पार केला. क्लच सरकत असताना जोर देत राहणे म्हणजे प्लेटबरोबर फ्लायव्हीलही तापवणे होय, एवढे मला तोपर्यंत समजले होते.

या खेपेला नानांनी मोकळे अंतर तपासले तर ते बरोबर निघाले. त्यामुळे केबलचा प्रश्न मिटला. निघतानाची थरथर आणि चढावर सरकणे हे दोन्ही एकत्र असल्यावर प्लेटला तेल लागले असण्याची शक्यता प्रथम विचारात घ्यावी लागते. त्याआधी इंजिन ज्यांवर टेकलेले असते ती रबरी माउंटिंग मात्र पाहून घ्यावी, कारण तीही थरथरीला कारणीभूत होतात. माउंटिंग ठीक होती. मग नानांनी इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्या जागेच्या खालच्या फटीत बोट घालून तेलाचा ओला थर काढला, दोन बोटांत चोळला आणि माझ्या नाकाजवळ धरला. गिअर ऑइल घट्ट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. हे तेल काळे, पातळ आणि त्या वासाचे नव्हते. ते इंजिन ऑइल होते, आणि ते क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या सीलमधूनच आलेले असणार होते. गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वीच त्यांनी मला कोणते सील आणायचे ते चिठ्ठीवर लिहून दिले.

या दिवशी मी पूर्ण वेळ तिथे थांबलो. गाडी खड्ड्यावर घेतली, इंजिनाला वरून साखळीने आधार दिला, गिअर ऑइल काढले, चाकांना फिरवणारे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट सोडवले आणि गिअरबॉक्स दोघांनी मिळून सरळ रेषेत बाजूला ओढत खाली घेतला. गिअरबॉक्सचे वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू दिले, तर प्लेटचा मधला भाग वाकतो आणि नवीन बसवलेला क्लचही कटत नाही, म्हणून ते हात एक क्षणही सैल सोडत नव्हते. आत पाहिले तर जेमतेम आठ महिने चाललेली प्लेट तेलाने काळी आणि काचेसारखी गुळगुळीत झाली होती, आणि फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळसर डाग पडले होते. मागचे सील इतके कडक झाले होते की ते बोटांनी वाकवताच तुटले. नवा सेट बसवताना गिअरबॉक्स उतरवलेलाच होता; त्याच वेळी हे सील पाहिले असते, तर दुसऱ्यांदा हा सगळा खटाटोप करावा लागला नसता, ही माझी आधीच्या दुरुस्तीविषयीची दुसरी आणि मोठी तक्रार आहे.

प्लेट पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरता येईल का, असे मी विचारले. नानांनी स्पष्ट नकार दिला. अस्तरात मुरलेले तेल धुतल्याने वरवर निघते आणि गरम झाले की पुन्हा बाहेर येते. प्लेट नवीन घेतली, प्रेशर प्लेट मात्र तपासून तीच ठेवली. फ्लायव्हील लेथवर अगदी हलक्या हाताने घासून आणले. इनपुट शाफ्टचे सीलही सोबतच बदलले. प्लेट बसवताना तिची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे असते हे त्यांनी मुलाकडून वदवून घेतले. जुन्या गाडीतून काढून ठेवलेला एक इनपुट शाफ्ट मधोमध घालून त्यांनी प्लेट बरोबर केंद्रात आणली आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडेथोडे करून आवळले. शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावले तेही बोटाने पुसून जेवढे राहील तेवढेच, कारण जास्त ग्रीस उडून पुन्हा प्लेटवरच जाते. संध्याकाळी साडेसहाला गाडी तयार झाली. या कामाचे, सर्व सुट्या भागांसह, तीन हजार नऊशे रुपये झाले.

या गॅरेजमधल्या काही गोष्टी मला खटकल्या आणि त्या लिहिणे माझे कर्तव्य आहे. गिअरबॉक्स उतरवल्यावर आतली काळी धूळ काम शिकणाऱ्या मुलाने कॉम्प्रेसरच्या हवेने उडवली आणि शेडभर ढग उठला. जुन्या क्लच आणि ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरले जात असे आणि त्याचे तंतू फुप्फुसांत जाणे अत्यंत घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून ही धूळ काढता येते, त्यासाठी वेगळा खर्चही नाही. मी ही गोष्ट नानांजवळ बोललो. त्यांनी ती ऐकून घेतली आणि त्या दिवशी पुढचे काम ओल्या फडक्याने केले, परंतु हे रोजचे वळण व्हायला हवे. निदान त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या तब्येतीसाठी तरी. दुसरे असे, की इथे छापील बिल मिळत नाही. सुट्या भागांच्या पावत्या दुकानदाराकडून मिळतात, मजुरी वहीच्या कागदावर लिहून दिली जाते. नाना कामात असताना फोन उचलत नाहीत आणि बसायला एका बाकाखेरीज जागा नाही. मे महिन्यात जाणाऱ्यांनी सकाळी नऊच्या आत पोहोचावे, कारण दुपारी त्या पत्र्याखाली गाडीजवळ उभे राहून काम पाहणे कठीण होते, आणि काम पाहण्यासारखे असते.

सुट्या भागांबाबत फारशी अडचण येत नाही. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले असले, तरी तेच ७९६ सीसीचे इंजिन ओम्नीमध्ये २०१९ पर्यंत वापरले गेल्यामुळे क्लचचे सामान जळगावच्या बाजारात अजून मिळते. केबल घेताना मात्र जुनी केबल सोबत न्यावी आणि लांबी व टोकाचे आटे जुळवूनच नवी घ्यावी. नाना सामान स्वतः आणून देण्याचा आग्रह धरत नाहीत. ग्राहकाने आणलेले सामान ते बसवतात, पण खोके उघडून आधी पाहतात, आणि पसंत नसेल तर तोंडावर सांगतात. माझ्या समोर एका गृहस्थांनी आणलेली स्वस्तातली प्लेट त्यांनी परत करायला लावली, कारण तिच्या मधल्या स्प्रिंग हाताने हलत होत्या.

नवी प्लेट बसवल्यानंतर पहिले पाचशे किलोमीटर चढावर अर्धा क्लच धरून गाडी थोपवू नये, प्रवासात पाय पेडलवर टेकवून ठेवू नये आणि पाचशे किलोमीटरनंतर मोकळे अंतर तपासून घ्यायला यावे, असे त्यांनी सांगितले होते. प्लेट जसजशी झिजते तसतसे हे अंतर आपोआप कमी होत जाते. मी जानेवारीच्या अखेरीस गेलो, तेव्हा शेडमध्ये दुपारच्या जेवणाची वेळ होती आणि कोणीतरी घरून वांग्याचे भरीत व कळण्याची भाकरी आणली होती. मलाही आग्रहाने बसवले. जेवण झाल्यावर नानांनी हात धुतले, चप्पल काढली, पेडल दोन बोटांनी दाबून पाहिले आणि केबलचे नट पाऊण फेरा सैल केले. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. त्या रविवारी मी एकटाच पुन्हा कन्नड घाटावर गेलो आणि ज्या वळणावर डिसेंबरमध्ये वास आला होता, तिथून तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सरळ वर नेली.